विषय : सर्व्हिसिंगहून परत आलेल्या मॉडेल विमानाच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचा ब्रीदर बुजवून दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

तुमच्या सेवा केंद्राचा फोन आत्ताच ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं. यापुढे फोनवर बोलणार नाही. जे काही असेल ते लेखी.

०.५६ घनइंचाचं, म्हणजे साधारण ९.२ सी.सी.चं तुमचं ग्लो इंजिन मी मागचं बेअरिंग बदलायला आणि टॅपेट (म्हणजे व्हाल्वची फट) सेट करायला पाठवलं होतं. काम एवढंच. पैसे आगाऊ घेतलेत, पावती जोडली आहे. इंजिन परत आलं तेव्हा क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, ब्रीदर निपलमध्ये (आतला वायू आणि तेल बाहेर सोडणाऱ्या नळीत) लाल सिलिकॉन ठासून भरलेलं होतं. जॉबकार्डावर शेरा : ‘ऑइल लीकेज बंद केले.’

तुमचं इंजिन तुम्हाला मी समजावून सांगावं, ही वेळ यायला नको होती. टू-स्ट्रोकमध्ये इंधन क्रँककेसमधूनच वर जातं, त्यामुळे त्यातलं तेल बेअरिंगला आपोआप मिळतं. फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण थेट हेडमध्ये जातं. खाली क्रँकला आणि बेअरिंगला जे तेल मिळतं ते पिस्टन रिंगच्या कडेने झिरपलेलं. त्याच्याबरोबर जळका वायू, पाण्याचा अंश आणि इंधनातलं नायट्रोमिथेन जळल्यावर तयार होणारं आम्लही खाली उतरतं. हे सगळं बाहेर पडायला ती निपल ठेवलेली असते. तिथून तपकिरी तेल ठिबकणं म्हणजे इंजिन नीट चाललं आहे. १९७६ साली ओ.एस. या मॉडेल इंजिनं बनवणाऱ्या कंपनीने एफएस-६० हे फोर-स्ट्रोक इंजिन बाजारात आणलं. तुमचं इंजिन त्या कंपनीचं नाही, पण ठेवण तीच आहे. निपल बुजवली की आत दाब वाढणार, तेल पुढच्या बेअरिंगमधून बाहेर येणार आणि आम्ल व पाणी आतच साचून बेअरिंग गंजणार. म्हणजे जे बेअरिंग बदलायचे तुम्ही पैसे घेतलेत, तेच खराब व्हायची सोय तुम्ही करून दिलीत. शिवाय दिवसभराचं उडवणं झालं की टाकीतलं इंधन काढून, इंजिन कोरडं पडून बंद होईपर्यंत चालवून, त्याच निपलमधून आफ्टर-रन तेलाचे (गंज रोखणाऱ्या तेलाचे) थेंब सोडायचे आणि प्रॉपेलर हाताने फिरवायचा, असं तुमच्याच पुस्तिकेत छापलं आहे. ते थेंब आता सोडायचे कुठून?

टॅपेटचं काम त्याहून वाईट. प्रॉपेलर हाताने फिरवला तर कॉम्प्रेशनचा धक्का लागतच नाही. नुसता सैल फिरतो आणि सायलेन्सरमधून ‘फुस्स’ आवाज येतो. एक्झॉस्ट व्हाल्व बसत नसल्याचं हे लक्षण पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला, म्हणजे दोन्ही व्हाल्व बंद, अशा स्थितीत रॉकर कव्हर काढून पाहिलं. पुस्तिकेत फट ०.०४ ते ०.१० मि.मी. दिली आहे. एक्झॉस्टला फीलर गेजची (फट मोजायच्या पट्ट्यांची) ०.०४ ची पाती आत जायलाच तयार नाही. इनटेकची फट बरोबर, एक्झॉस्टची शून्य. तुमच्या माणसाने एकच व्हाल्व सेट केला आणि दुसरा तसाच आवळून टाकला.

आता आजचा फोन. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात म्हणे, तर हा जरूर ऐका. आधी कितीतरी वेळ नुसतं होल्डवर ठेवलं, मग एका गृहस्थांनी ‘मी इंजिनिअर बोलतोय’ म्हणून सुरुवात केली.

‘सर, गळत होतं, म्हणून बंद केलं.’
‘अहो, तो ब्रीदर आहे.’
‘नव्या इंजिनातून असं गळत नाही सर.’
‘न चालवलेल्या इंजिनातून कसं गळेल?’
‘बरं, स्पार्क येतोय का बघितलं?’
‘या इंजिनाला स्पार्क नसतो. ग्लो प्लग असतो. प्लॅटिनमची तार असते त्यात.’
‘मग थोडं पेट्रोल टाकून बघा सर, लगेच पकडेल.’

मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनात पेट्रोल! मिथेनॉल आणि प्लॅटिनम यांच्या क्रियेमुळे ती तार बॅटरी काढल्यावरही लाल राहते, सगळं प्रज्वलन त्यावर चालतं. पेट्रोलवर हे होत नाही, आणि त्यात बेअरिंगला लागणारं तेलही नसतं. हे मी सांगितलं, तर उत्तर आलं, ‘रॉकर कव्हर तुम्ही उघडलंय ना? मग वॉरंटी गेली.’ फीलर गेज आणि ॲलन की तुम्हीच खोक्यात घालून देता. व्हाल्वची फट ठरावीक काळाने तपासा, असं तुमच्याच पुस्तिकेत आहे. तपासायची कशी, कव्हर न उघडता? त्यावर पुन्हा, ‘इंधन चुकीचं वापरलं असणार.’ इंधन तुमच्याकडूनच घेतो. १० टक्के नायट्रो, १८ टक्के तेल, डब्यावर तुमचंच लेबल.

आणि शेवटी म्हणाला, ‘काका, खेळण्यातलंच विमान आहे ना? एवढं कशाला मनावर घेता?’

हे वाक्य मला लागलं आणि ते मी विसरणार नाही. १२ इंची प्रॉपेलर मिनिटाला ९००० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या वर जातो. इंजिन सुरू करताना माझी बोटं त्याच्या शेजारी असतात. शाळेची मुलं कुंपणापलीकडे उभी राहून बघत असतात. हवेत इंजिन बंद पडलं तर ते विमान कुठे उतरेल हे माझ्या हातात फार थोडं असतं. ज्याला हे खेळणं वाटतं त्याच्या हातात तुम्ही लोकांची इंजिनं देता कशी?

तुमच्या कंपनीचं नाव मी आजवर ओळखीच्या प्रत्येकाला सुचवलं. नवशिक्याला टू-स्ट्रोक घे म्हणायचो, आणि हात बसला की तुमचं फोर-स्ट्रोक. त्या इंजिनाचा खालच्या फेऱ्यांवरचा जड, संथ आवाज आणि मोठ्या प्रॉपेलरला ओढायची ताकद मला अजूनही आवडते. इंजिन बनवणाऱ्यांबद्दल तक्रार नाही. तक्रार ब्रीदर बुजवणाऱ्यांबद्दल आहे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत इंजिन तुमच्या खर्चाने परत न्या, पूर्ण उघडून सिलिकॉनचा कण न कण काढा (आत गेला असेल तर तोही), मागचं बेअरिंग तपासा, दोन्ही व्हाल्वची फट मोजून आकडे लेखी द्या. जमत नसेल तर सर्व्हिसिंगचे पैसे परत करा आणि वॉरंटी कायम असल्याचं पत्र द्या. यातलं काहीच झालं नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे सेवेतील त्रुटीचा दावा दाखल करीन. निपलचे आणि जॉबकार्डाचे फोटो सोबत आहेत.

आपला,
एक जुना ग्राहक