पियानो थांबतो, ट्रॅक थांबत नाही

महोदय,

रविवार पुरवणीतील अमेरिकन संगीतकार मार्क ब्लिट्झस्टाइनवरील लेखात १६ जून १९३७ची न्यूयॉर्कमधील रात्र आली, तिचे तंत्र मात्र सुटले. पोलाद कामगारांच्या संघटनेवरील ‘द क्रेडल विल रॉक’ या त्याच्या संगीत नाटकाच्या नाट्यगृहाला टाळे लागले, नटांच्या युनियनने त्यांना रंगमंचावर मनाई केली. दुसऱ्या नाट्यगृहात नट प्रेक्षकांतून गायले. मंचावर फक्त ब्लिट्झस्टाइन आणि पियानो. नट अडखळला तर वाजवणारा थांबू शकतो, हेच त्यातले मर्म. साथीचा ध्वनिमुद्रित ट्रॅक थांबत नाही. शिवाय वीस मीटरवरच्या नटापर्यंत साथीचा सूर सुमारे ०.०६ सेकंद उशिरा पोहोचतो, त्याचे गाणे परतायला तेवढाच वेळ; लय सुटते ती इथे. नागपूरच्या हौशी संस्थांनी ट्रॅकचा मोह सोडून नटांकडे तोंड करून एक पेटीवादक बसवावा.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर