विषय: झाड गेलं तरी तुमचं ॲप हिरवंच, सेन्सरचे पैसे परत करा

कस्टमर केअर मॅनेजर आणि त्यांच्या वर जे कोणी बसत असतील ते,

आत्ताच तुमच्या माणसाने फोन ठेवला म्हणून लिहितोय. खोडातल्या किडीचा आवाज ऐकून ॲपवर सांगणारे तुमचे सेन्सर बदलून नकोत, पैसे परत हवेत, सगळ्या सेन्सरचे आणि सबस्क्रिप्शनचेही. विहिरीजवळच्या नारळाची सुई, म्हणजे शेंड्यातलं न उघडलेलं पान, वाळली, शेंड्याच्या खाली भोक पडून तपकिरी रस गळतोय, चावलेला भुसा बाहेर आलाय आणि ॲपमध्ये त्याच झाडापुढे हिरवा टिक, 'निरोगी'. नारळाला कोंब एकच असतो हे तुम्हाला सांगायला नको, तो गेला की झाड गेलं.

सेन्सर बसवायला आलेल्या तुमच्या मुलाने सगळे प्रोब, म्हणजे खोडात घुसवायच्या सळ्या, कमरेइतक्या उंचीवर ठोकले. तेव्हाच म्हटलं होतं, अरे गेंड्या भुंगा शेंडा खातो, त्याच जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो आणि त्याची अळी खोड पोखरते, तू खाली काय ऐकणार? तर म्हणे सर, कंपनीचं स्टँडर्ड आहे. मॅन्युअल उघडलं तर सगळी चित्रं खजुराची! खजुराला सोंड्या जास्त करून बुंध्याकडे लागतो, तिथे तुमचं स्टँडर्ड ठीक असेल. पण आपल्याकडे हा भुंगा नारळावरची कीड म्हणून १९०६ पासून नोंदलेला आहे, आखातातल्या खजुरावर तो १९८० नंतर पोचला, आणि तुम्ही नाशिकला येऊन नारळवाल्याला खजुराचं मशीन विकता.

त्याच्याआधी उलटा तमाशा होता. शेजारच्या द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर चालू झाला की ॲपमध्ये सगळी झाडं लाल, ओझरकडून विमान गेलं की परत लाल. तक्रार केली तर अपडेट पाठवलात, तेव्हापासून ब्लोअर पण गप्प आणि अळी पण गप्प. याला नॉइज फिल्टर म्हणतात की कानात बोळे?

आता आजचा फोन. मागच्या फोनवर मी सांगितलं होतं की नारळ उतरवणाऱ्याने वर चढून खोडाला कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज येतोय. तुमचा माणूस म्हणाला, "सर ॲपमध्ये ग्रीन दिसतंय ना, मग ट्री हेल्दी आहे." म्हटलं, माणसाला ऐकू येतंय आणि मशीनला येत नाही, हीच तर तक्रार आहे. तर म्हणतो, "पण सर, कानाचं कॅलिब्रेशन नसतं ना." वर सल्ला, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून मेल करा. केला. परत माणूस चढवला, त्याची मजुरी दिली, क्लिप पाठवली. आणि आज उत्तर काय, तर "सर, क्लिपमध्ये बॅकग्राउंड नॉइज आहे, कीड कन्फर्म होत नाही." म्हणजे आवाज ऐकायचं मशीन तुमचं, रेकॉर्डिंग मी करायचं आणि नापास पण मलाच करायचं! शेवटी विचारतो कॉलला किती स्टार द्याल. मी काय बोललो ते तुमच्याकडे रेकॉर्ड असेलच, ते तरी नीट ऐकू येईल.

वेळेत कळलं असतं तर भोक साफ करून औषध सोडून बुजवलं असतं, एवढ्यासाठीच तर हे घेतलं होतं. आणि परत सांगतो, प्रोब खाली ठोकलेत, कीड वर आहे.

प्रदर्शनात तुमचा स्टॉल बघून गावातल्या दोघातिघांना मीच सांगितलं होतं घ्या म्हणून, आता त्यांनाही सगळं सांगणार आहे. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर नाशिकच्या ग्राहक आयोगात केस टाकतो. २०१९ च्या कायद्याने ती मी राहतो तिथेच टाकता येते, तुमच्या हेड ऑफिसच्या दारात यायची गरज नाही.

उत्तर मेलवरच द्या, फोन नको. आणि सेन्सर न्यायला याल तेव्हा प्रोबची भोकं नीट बुजवून द्यायची, सोंड्याला अंडी घालायला जखमच लागते आणि बाकीची झाडं अजून चांगली आहेत.