लेखाला दहा गुण, तपासणाऱ्याला शून्य

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

प्राध्यापक भरतीच्या आणि बढत्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात. जागा किती रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे किती, कोर्टात काय झाले, हे सगळे त्यांत असते. उमेदवाराने 'संशोधनपर लेखन' या रकान्यात जे भरायचे असते ते कुठून येते आणि कसे तपासले जाते, याबद्दल मात्र कुठे वाचायला मिळत नाही. ते मी रोज जवळून पाहते, म्हणून हे पत्र.

सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर एका मराठी इतिहास त्रैमासिकाकडे येणारे लेख हाताळते. लेखाची पोच द्यायची, लेखकाचे नाव-गाव काढून तो त्या विषयातल्या दोन जाणकारांकडे पाठवायचा, त्यांचे अभिप्राय लेखकाला कळवायचे आणि सुधारून आलेला लेख पुन्हा ताडून पाहायचा, असे हे काम आहे. लेख कुणाचा हे परीक्षकाला कळत नाही आणि परीक्षक कोण हे लेखकाला कळत नाही. मानधन नाही, त्याची अपेक्षाही नाही.

गेल्या काही वर्षांत या कामाचे स्वरूप माझ्या डोळ्यांदेखत बदलले. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली आपल्या मान्य यादीतून 4,305 नियतकालिके एकदम काढली, कारण त्यांतली कित्येक नावालाच संशोधनाची होती. मग मान्य नियतकालिकांची 'केअर' ही नवी यादी आली आणि 2025च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही बंद करून चांगले नियतकालिक कोणते हे ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. यादी गेल्याचे मला दुःख नाही. मराठीतल्या किती तरी जुन्या आणि चोख नियतकालिकांना यादीत शिरण्यासाठी कागदपत्रांचे ढीग पाठवावे लागत होते. पण त्या मोकळ्या झालेल्या जागेत आता काय घुसले आहे ते पाहा. मुलांच्या व्हॉट्सॲपवर सर्रास संदेश फिरतात: 48 तासांत प्रकाशन, आयएसएसएन क्रमांक, तज्ज्ञांकडून परीक्षित, प्रमाणपत्र मोफत, शुल्क इतके इतके. आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकी क्रमांक आहे, मजकुराच्या दर्जाशी त्याचा काही संबंध नाही, हे पदव्युत्तर वर्गातल्या मुलांनाही कुणी सांगितलेले नसते. आणि 48 तासांत इतिहासाचा कोणता लेख कोण तपासणार?

तपासणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण लेखिकेच्या परवानगीने सांगते. माण तालुक्यातल्या एका गावच्या पाटीलकीच्या तंट्यावर एका मुलीने लेख पाठवला. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळातला तंटा. दोन घराणी पाटीलकीवर हक्क सांगत होती, तंटा तोडणारी गोतसभा बसली, महजर म्हणजे निवाड्याचा कागद झाला, त्यावर कुणाची नांगराची निशाणी, कुणाची लेखणीची. मुलीने मोडी स्वतः वाचली होती आणि वाचन सुरेख होते. तिचा निष्कर्ष असा, की आधी साताऱ्याहून आज्ञापत्र आले आणि त्या दडपणाखाली गावाने निवाडा केला. आज्ञापत्र माघ शके 1644चे, म्हणजे 1723च्या आरंभीचे. महजराची तारीख तिने नोव्हेंबर 1723 अशी लावली होती.

लेख आम्ही मोडीच्या एका जाणकारांकडे पाठवला. तेही दुसऱ्या जिल्ह्यात शिकवतात. त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत तो वाचला, कागदाचे छायाचित्र मागवून घेतले आणि चार पानी अभिप्राय पाठवला. महजरावर 'छ 5 सफर, सु॥ सलास अशरीन मया व अलफ' असे होते, म्हणजे सफर या चांद्र महिन्याची 5 तारीख आणि पुढे अरबी शब्दांत शुहूर सन, ही त्या काळच्या कागदांतली कालगणना. सलास तीन, अशरीन वीस, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे शुहूर सन 1123. इथपर्यंत मुलीचे बरोबर होते. पण शुहूर सन मृगापासून सुरू होतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला 600. तिने सरसकट 600 मिळवले होते. सफर महिना त्या सालात नोव्हेंबरच्या सुमारास येतो, तेव्हा कागद 1722च्या नोव्हेंबरचा ठरतो, 1723चा नाही.

एका वर्षाचा फरक, पण लेख उलटा झाला. गोतसभेचा निवाडा आधी आणि साताऱ्याचे आज्ञापत्र दोन-तीन महिन्यांनी नंतर. म्हणजे गावाने आपल्या पद्धतीने तंटा तोडला आणि दरबाराने त्यावर मोहोर उठवली. मराठेशाहीत गाव आणि राजसत्ता यांचा संबंध कसा होता, या प्रश्नावर या दोन वाचनांतून अगदी वेगवेगळी उत्तरे निघतात.

त्यांनी आणखीही विचारले होते. कागद अस्सल की नक्कल? 1852च्या कायद्यानंतर इनामांची चौकशी करणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढे हक्क शाबीत करण्यासाठी लोकांनी जुन्या कागदांच्या नकला हजर केल्या, काहींनी तर कागदच तयार केले. म्हणून शिक्का कुठे आहे, अक्षर त्या काळचे आहे का, हे पाहून लिहावे. तळटिपेत नुसते 'पुणे पुराभिलेखागार' लिहून चालणार नाही, दफ्तर कोणते, रुमाल म्हणजे कागदांचे गाठोडे कितवे, हे हवे. उद्या दुसऱ्या कुणाला तोच कागद काढून पाहता आला पाहिजे. शेवटच्या परिच्छेदात मात्र त्यांनी लिहिले होते की लेखकाचे मोडीवाचन उत्तम आहे, लेख परत करू नये, दुरुस्त करून घ्यावा. मुलीने शेवटचा भाग नव्याने लिहिला, लेख पुन्हा त्यांच्याकडे गेला आणि मग छापला. आता तो लेख कुणीही निर्धास्तपणे आधाराला घेऊ शकेल. पैसे भरून दोन दिवसांत छापला असता तर ती चुकीची तारीख पुढच्या दहा प्रबंधांत उतरली असती.

आता माझी तक्रार. आयोगाच्या 2018च्या नियमावलीप्रमाणे भरती आणि बढतीच्या हिशेबात मानव्यविद्यांमध्ये परीक्षित नियतकालिकातल्या एका लेखाला 10 गुण आहेत. लेखक दोन असले तर प्रत्येकाला त्याचे 70 टक्के, इतका बारीक हिशेब नियमावलीने केलेला आहे. पण ज्या माणसाने सुट्टीतले दिवस घालून तो लेख छापण्याजोगा केला, त्याच्या कामाला गुणतक्त्यात जागाच नाही. दुसऱ्याच्या लेखाचे परीक्षण करणे हे प्राध्यापकाचे काम आहे, असे नियमावली मानतच नाही.

याचा परिणाम मी रोज पाहते. परीक्षक मिळत नाहीत. फोन केला की माणूस भला असतो, आवाजात संकोच असतो: 'मॅडम, नॅकच्या मूल्यांकनाचे काम चालू आहे', 'परीक्षा विभाग माझ्याकडे आहे', 'पुढच्या महिन्यात बघू का?' त्यांना दोष कसा देणार? महाविद्यालयात इतिहासाला दोन माणसे असायची, आता एक आणि तोही तासिका तत्त्वावर. मोडी, फार्सी किंवा पोर्तुगीज येणारे परीक्षक तर बोटांवर मोजण्याइतके, आणि सगळी नियतकालिके त्याच चार-पाच जणांचे दार ठोठावतात. परीक्षकाविना लेख महिनोन् महिने पडून राहतो. तिकडे मुलाची मुलाखत तोंडावर आलेली असते. मग तो शुल्क भरून मोकळा होतो. लबाडी त्याच्या रक्तात असते म्हणून नव्हे, तर सरळ वाटेवर आपण त्याला इतके थांबवतो म्हणून. या मुलांविषयी मला कळवळा आहे आणि त्यांना लुटणाऱ्यांविषयी संताप.

मुलांकडे मायेने पाहायचे तर त्यांना हे कामही शिकवायला हवे. लेख कसा पाठवायचा हे आमच्याकडे कुणी शिकवतच नाही. एकच लेख एकाच वेळी तीन ठिकाणी जातो. पहिल्या पानावरून नाव काढलेले असते, पण आत 'माझ्या मार्गदर्शकांसोबत लिहिलेल्या लेखात मी दाखवले आहे' असे वाक्य असते, मग परीक्षकाला सगळे कळते. पीएचडीचे प्रकरण जसेच्या तसे कापून पाठवतात, त्यात प्रश्न कोणता आणि उत्तर कोणते ते शोधावे लागते. या विषयावर आधी कुणी काय लिहिले आहे याचा उल्लेख नसतो. 'दुरुस्त करून पुन्हा पाठवा' हे उत्तर आले की नकार समजून मुले गप्प बसतात, जेव्हा खरे तर ते उत्तर म्हणजे अर्धे काम झाल्याची खूण असते. आणि अलीकडे यंत्राकडून लिहून घेतलेले लेख येऊ लागले आहेत. भाषा गुळगुळीत, तळटिपा देखण्या, आणि तळटिपेतले पान उघडावे तर तिथे त्या विषयाचा एक शब्द नसतो. हे पकडायलाही पुन्हा तोच फुकट राबणारा परीक्षक लागतो.

एकमेकांचे लेखन तपासण्याची ही रीत बाहेरून आलेली नवी टूम आहे, असे काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. पुण्यात 1910 साली इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, तेव्हापासून मंडळाच्या सभांत निबंध वाचायचा आणि मग त्यावर होणारी झोड सोसायची, ही पद्धत होती. रियासतकार सरदेसाई आणि बंगाली इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी कित्येक वर्षे पत्रांतून एकमेकांच्या तारखा आणि वाचने तपासली. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचेच घ्या. लोकमान्यांनी 1916 साली जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची तारीखवार घटनांची नोंद, प्रसिद्ध केली, तीत फाल्गुन वद्य तृतीया शके 1551 ही तिथी होती. पुढे शिवभारत या शिवकालीन संस्कृत काव्यातही तीच निघाली. तरी वाद चालला, लेखाला लेखाने उत्तर दिले गेले, शासनाने समिती नेमली, आणि 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख शासनाने स्वीकारली ती थेट 2000 साली. त्या वादातले बरेचसे मराठीत झाले, मराठी नियतकालिकांत आणि वृत्तपत्रांत झाले. आजच्या संशोधकाला मराठीत लिहिलेल्या लेखाला 'दर्जा' मिळेल का, अशी धाकधूक वाटावी, हे मला फार लागते. गावचे महजर, करीने म्हणजे घराण्यांच्या हकिकती, मराठी बखरी यांवरचा लेख तपासणारी सर्वांत योग्य माणसे मराठीतच आहेत.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. राज्यातल्या विद्यापीठांनी प्राध्यापकाच्या वार्षिक मूल्यमापनात परीक्षणाच्या कामाची नोंद घ्यावी आणि त्याला गुण द्यावेत. परीक्षकाचे नाव गुप्त ठेवूनही संपादकाला 'अमुक साली इतक्या लेखांचे परीक्षण केले' असे पत्र देता येते, आम्ही ते आनंदाने देऊ. संस्थांनी आता आपली जबाबदारी म्हणून नियतकालिके निवडायचीच आहेत, तर निवडताना निदान एका लेखाचे परीक्षण-अभिप्राय मागवून पाहावेत, म्हणजे खरे कोण आणि दुकान कोण हे लगेच दिसेल. पदव्युत्तर वर्गाच्या संशोधनपद्धतीच्या पेपरात प्रत्येक मुलाकडून छापून आलेल्या एका लेखाचा परीक्षण-अभिप्राय लिहून घ्यावा. त्याने परीक्षकही तयार होतील आणि लेखकही.

आणि एक विनंती आपल्याकडे, संपादक महोदय. आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्या पुस्तकांची पोच छापली जाते. तिथेच मराठीतल्या इतिहासविषयक त्रैमासिकांच्या ताज्या अंकांची अनुक्रमणिका, लेख आणि लेखकांच्या नावांसह, चार ओळींत देता आली तर पाहावे. आमचा अंक पाचशे घरांतही जात नाही. माणमधल्या त्या मुलीच्या लेखाबद्दल माणमधल्याच शाळांच्या शिक्षकांना अजून माहीत नाही. अंक पाठवायचा तर कोणत्या पत्त्यावर आणि कुणाच्या नावे पाठवावा, हे कळवलेत तर पुढच्या अंकापासून तो नेमाने पाठवीन.

आपली,
इतिहासाची एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा