बॉनेट उघडून दाखवणाऱ्या जाहिराती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या मोटारींच्या जाहिरातींवरचा लेख वाचला. क्रोम, रंग, मडगार्डांचे बाक यांवर छान लिहिलंय, पण लेखात बॉनेट काही उघडलं नाही, म्हणजे इंजिनाचा विषयच निघाला नाही. माझी चाळीस वर्षं इंजिनं बांधण्यात गेली, म्हणून राहवलं नाही.

त्या काळी अमेरिकन कंपन्या गाडीआधी इंजिन विकत. ओल्ड्समोबिलने १९४९च्या गाड्यांत नवं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन आणलं, त्याचं नावच 'रॉकेट' ठेवलं आणि जाहिरातीत माणसं चक्क रॉकेटवर बसवली. १९५७ च्या शेवरलेचा दावा तर मला तोंडपाठ आहे: घनइंचाला एक हॉर्सपॉवर! सिलिंडरांचं आकारमान २८३ घनइंच, इंधन पुरवायला कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आणि ताकद २८३ हॉर्सपॉवर. हे वाचकाला कळेल, असं कंपनीने धरून चाललं होतं. केवढा मान राखला त्याचा!

आकडे फुगलेले असत, हे खरं. ताकद मोजायची ती पंखा, सायलेन्सर न लावता, नुसतं इंजिन टेस्ट-बेडवर, म्हणजे चाचणीच्या चौकटीवर, चालवून. गाडीत बसवल्यावर ती उतरायचीच. पुढे जून १९५७ मध्ये कंपन्यांच्याच संघटनेने वेग आणि ताकदीच्या जाहिराती थांबवायला सांगितलं, ते योग्यच झालं.

पण ताकदीची फुशारकी वेगळी आणि कामाची माहिती वेगळी. १९५८ मध्ये प्रसिद्ध जाहिरातकार डेव्हिड ओगिल्वींनी लिहिलेली रोल्स-रॉइसची जाहिरात सांगते, की प्रत्येक इंजिन गाडीत चढवण्याआधी सात तास फुल थ्रॉटलवर, म्हणजे पूर्ण जोरात, चालवतात. हे वाचलं की माझे हात शिवशिवतात. सिलिंडर आतून बोअर करून (कोरून) नवे पिस्टन घातलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, की आम्ही व्हॉल्व्ह हलवणाऱ्या टॅपेटच्या आवाजाला कान लावून, तेलाच्या प्रेशरवर डोळा ठेवून उभे असायचो. मग गिऱ्हाईक मागच्या काचेवर 'रनिंग इन'ची, म्हणजे इंजिन अजून रुळतंय अशी, पाटी लावून कितीतरी दिवस गाडी बेताने हाकायचं.

परवा पुतण्याबरोबर एका शोरूमला गेलो. स्क्रीन किती इंची, ते तिथल्या पोराने लगेच सांगितलं. सिलिंडर तीन की चार, विचारल्यावर माहितीपत्रक चाळत बसला. त्यातही सापडलं नाही.

आपल्या वाहनविषयक सदरात नव्या गाडीची ओळख देताना सिलिंडर किती, टर्बो आहे का, टायमिंगला (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवायला) बेल्ट की चेन, एवढं तरी छापा. बेल्ट वेळेवर बदलला नाही आणि तुटला, तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात, इंजिनाचं हेड (वरचा भाग) उतरवावं लागतं. गिऱ्हाइकाला हे पैसे भरण्याआधी कळायला हवं.

आपला,
एक निवृत्त इंजिन मेकॅनिक, कोल्हापूर