सायकल धुवा, पण फवाऱ्याने नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेरण्या उरकतात, शाळा भरतात, आणि चोपडा-यावल-रावेरपासून शिरपूर-शहाद्यापर्यंत शिवारातल्या वाटांवर काळ्या मातीचा चिखल होतो. मग सायकल दुरुस्तीच्या दुकानांत त्याच त्या तक्रारी सुरू होतात: चेन करकरते, पेडल जड जाते, ब्रेक लागत नाही. पुष्कळदा काहीच तुटलेले नसते. बोटे पोहोचत नाहीत अशा चार-सहा जागी घाण अडकून बसलेली असते. ती काढायला घरातल्या वस्तू पुरतात. मात्र कोणती वस्तू कुठे चालते आणि कुठे मुळीच चालत नाही, हे ठाऊक हवे.

सगळ्यात आधी फवाऱ्याबद्दल. मोटारसायकल धुणाऱ्या सेंटरवर सायकल नेऊन जोरात पाणी मारून घेतले की ती चकाचक दिसते, पण नुकसान आत होते. साध्या सायकलच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) आणि पेडलच्या बीबीला (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा दांडा जिच्यात फिरतो त्या नळीला) रबरी सील नसते. पत्र्याचे झाकण आणि कोन (छर्रे जागेवर धरणारा निमुळता नट) यांच्यात बारीक फट असते. दाबाचे पाणी त्या फटीतून आत शिरते, ग्रीस धुऊन काढते आणि छर्रे गंजतात. चाक हलवले की खडखडते, मग कोन आणि छर्रे दोन्ही बदलावे लागतात. सेंटरवाल्यांनी निदान हब आणि बीबीवर तरी फवारा धरू नये, ही विनंती. घरी बादली आणि तांब्या पुरेसा आहे. पाणी वरून सोडायचे, आडवे मारायचे नाही.

आपल्या काळ्या मातीची एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ती ओली असताना फुगते, वाळली की आकसते. त्यामुळे चिखल अंगावर ताजा असताना तांब्याने पाणी सोडून वाहू द्यावा, नाहीतर पूर्ण वाळू द्यावा. अर्धवट ओला चिखल फडक्याने पुसणे सर्वांत वाईट: तो जागचा हलत नाही आणि त्यातली रेती रंगावर ओरखडे पाडते. वाळलेली माती आकसून पत्र्यापासून सुटते. मडगार्ड आणि टायर यांच्या मधे, चिमट्याच्या (चाक धरणाऱ्या दुभागलेल्या नळीच्या) बेचक्यात, बीबीच्या मागे जिथे दोन नळ्या जुळतात तिथे बांबूची कामटी किंवा पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडाची) सोललेली काडी घालून हलके ढोसले की ढेकळे आपोआप पडतात. स्क्रू ड्रायव्हर घालू नये. रंग उडतो आणि पुढच्या पावसात तिथूनच गंज धरतो. बीबीच्या नळीला खाली बारीक भोक असेल तर ते खराट्याच्या हिराने मोकळे करावे. सीटच्या नळीतून आत उतरलेले पाणी त्याच वाटेने बाहेर पडते.

आता फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावर चेन बसते ती दातेरी चकती. चाकाच्या तारा आणि फ्रीव्हील यांच्या मधली फट ही सायकलवरची सर्वांत दुर्लक्षित जागा. तिथे टूथब्रश जात नाही, पण पायजम्याची जुनी सुती नाडी जाते. नाडी रॉकेलमध्ये भिजवून पिळावी, फटीतून आरपार घालावी, दोन्ही टोके धरून घुसळणीच्या दोरीसारखी पुढे-मागे ओढावी. काळी झालेली जागा सोडून पुढचा स्वच्छ भाग आणत राहावे. गिअरच्या सायकलला प्रत्येक दोन चकत्यांच्या मधे हेच करावे. हबची मधली नळी तारांमधून पुसायलाही हीच नाडी कामाला येते.

फ्रीव्हीलच्या आतल्या खिट्ट्या चिकटल्या की पेडल मारूनही चाक फिरत नाही, किंवा मधेच धक्का बसतो. कारण बहुधा आत घातलेले ग्रीस किंवा खोबरेल. खोबरेल तेल 24 अंशांच्या खाली थिजू लागते, आणि खानदेशातल्या थंडीच्या पहाटा त्याहून कितीतरी गार असतात. सायकल आडवी पाडावी, फ्रीव्हीलची बाजू वर. फिरणारा बाहेरचा भाग आणि आतला स्थिर भाग यांच्यातल्या रेषेत औषधाच्या बिनसुईच्या सिरिंजने साधारण 5 मिली रॉकेल सोडावे, फ्रीव्हील उलटे फिरवत राहावे, मग सायकल उभी करून निथळू द्यावी. खाली येणारे रॉकेल स्वच्छ दिसेपर्यंत हे पुन्हा करावे. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचे आठ-दहा थेंब. इथे पातळ तेलच हवे.

चेनच्या बाबतीत बाहेरून पुसणे आणि आतून साफ करणे ही दोन वेगळी कामे आहेत. झीज होते ती पिन आणि रोलरच्या आत. साध्या सायकलची चेन लॉक (क्लिपने बसणारी जोडकडी) काढून सोडवता येते. रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीत चेन ठेवून ती बुडेल इतके, म्हणजे 100-150 मिली रॉकेल घालावे, झाकण लावून दोन-तीन मिनिटे हलवावे, पाच मिनिटे ठेवून पुन्हा हलवावे. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल चालते, फक्त ते उशिरा वाळते, म्हणून जास्त पुसावे लागते. पेट्रोल नकोच, त्याची वाफ दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. चेन तासभर टांगून वाळवावी. बसवताना लॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन पुढे जाण्याच्या दिशेला हवे. उलटे बसले तर क्लिप अडकून निघते आणि चेन वाटेत सुटते.

मग प्रत्येक रोलरवर तेलाचा एकच थेंब, चेनच्या खालच्या पट्टीवर (खालून जाणाऱ्या भागावर) आतल्या बाजूने. पेडल उलटे फिरवून दहा मिनिटे थांबावे आणि बाहेरचे सगळे तेल पुसून टाकावे. पुष्कळ जण हा शेवटचा टप्पा गाळतात. बाहेर राहिलेल्या तेलावर रस्त्यावरची धूळ बसते आणि तिचा लेप आत ओढला जाऊन चेन घासत राहतो. चेन झिजली का, हे फूटपट्टीने कळते: पिनच्या मध्यापासून मोजलेल्या 24 कड्या नव्या चेनमध्ये बरोबर 12 इंच भरतात. सव्वाबारा नव्हे, नुसता आठवा भाग इंच जास्त भरला तरी चेन बदलावी, नाहीतर फ्रीव्हीलचे दातही जातात. आणि मुलांना आवर्जून सांगावे: फडके चेनवर धरून पेडल पुढे फिरवू नका. बोट चेनव्हीलमध्ये (पेडलजवळच्या दातेरी चाकात) ओढले जाते. पेडल नेहमी उलटे फिरवावे, फडके खालच्या पट्टीवर.

आपल्याकडची आणखी एक खास अडचण म्हणजे धागे. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेली रुई, केळीच्या सोपटाचे तंतू, सुतळीचे तुकडे हे सगळे पेडलच्या आणि चाकाच्या दांड्याला गुंडाळले जाते, ग्रीस शोषून घेते आणि दांडा कोरडा पाडते. ब्लेडने कापायला जाऊ नये. क्रोशाच्या सुईने किंवा टोक वाकवलेल्या सेफ्टी पिनेने धाग्याचे टोक पकडून चाक उलट फिरवले की गुंडाळी उलगडत येते.

ब्रेकचे रबर काढून पाहावे. त्यात रेतीचे कण आणि रिमचा चुरा रुतलेला असतो. तो सुईने उपसावा, रबराची गुळगुळीत झालेली बाजू पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा घासावी. रिम भांड्यांच्या लिक्विडने धुवावी: अर्ध्या बादलीला एक चमचा. कपड्यांची पावडर नको, तिच्यातले क्षार फटीत राहतात आणि त्यांनी गंज धरतो. रिम आणि रबर यांना रॉकेल किंवा तेलाचा थेंबही लागता कामा नये, म्हणून चेनचे काम करताना मागे जुना पुठ्ठा धरावा. स्टीलच्या रिमवरचा वरवरचा गंज अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला की निघतो. तारेची घासणी क्रोम खरवडते. चिंच-लिंबाने गंज जातो हे खरे, पण नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे केले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गंज दिसतो. चेन मात्र आंबट द्रावणात कधीच भिजवू नये, पोलाद ठिसूळ होण्याची भीती असते.

वापरलेले रॉकेल गटारीत, विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये. बाटलीत दोन दिवस ठेवले की गाळ खाली बसतो आणि वरचे रॉकेल पुन्हा वापरता येते. फडकी चुलीपासून दूर, उघड्यावर वाळवावीत.

खेड्यापाड्यांतल्या अनेक मुली शाळेत सायकलनेच येतात. माध्यमिक शाळांनी सायकल स्टँडजवळ एक बादली, काही कामट्या, दोन नाड्या आणि शिलाई मशीनच्या तेलाची एक बाटली ठेवावी, आणि पावसाळ्यात दर शनिवारी शेवटचा तास यासाठी द्यावा, अशी मुख्याध्यापकांना या पत्रातून विनंती करतो.

आपला,
एक सायकलप्रेमी वाचक, चोपडा (जि. जळगाव)