उद्यमनगरातल्या वायरिंगच्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे उघड पत्र.

आमचं गाव कळ्याच्या बाजूला, गगनबावडा रस्त्यावर. आबांचं डायलिसिस दर मंगळवारी आणि शुक्रवारी कोल्हापुरात. गाडी मीच चालवते. जुलैतल्या एका मंगळवारी परत जाताना फुलेवाडीच्या पुढं मीटरमध्ये बॅटरीचा लाल दिवा दिसला. धो धो पाऊस, हेडलाइट चालू, वायपर चालू, काचेवर वाफ धरते म्हणून ब्लोअरही चालू. मागच्या सीटवर आबा दमून झोपलेले. बालिंग्याच्या पुलावर गाडी बंद पडली तर काय करायचं, एवढंच डोक्यात होतं.

त्या दिव्यापायी पुढच्या तीन आठवड्यांत नवी बॅटरी घातली. दिवा परत आला. मग एका गॅरेजात चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघितली आणि 'डायनामो गेलाय, नवीन टाकावा लागंल' असं सांगितलं. डायनामो म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग. पैसे जमवायचे म्हणून आठ दिवस मागितले, आणि त्या आठ दिवसांत कुणीतरी तुमचा पत्ता दिला.

तुम्ही पाना हातात घेण्याआधी मला विचारलंत, "ताई, दिवा पूर्ण पेटतो की मिणमिणतो?" तोवर कुणी हे विचारलंच नव्हतं. मिणमिणतो, आणि तोही रात्री, सगळं चालू असताना, असं मी म्हटल्यावर तुम्ही मान हलवलीत. चावी फिरवायला लावलीत. इंजिन बंद असताना दिवा लख्ख लागला, इंजिन चालू झाल्यावर विझला. "म्हंजे बल्ब चांगला हाय. तो न लागता तर जास्त काळजी होती," म्हणालात. डायनामो फिरवणारा पट्टा अंगठ्यानं दाबून बघितलात, तोही ताठ होता.

मग व्होल्ट मोजायचा मीटर बाहेर काढलात आणि मला बोनेटजवळ बोलावलंत. ते आकडे मी वहीत लिहून ठेवलेत. इंजिन बंद असताना बॅटरीवर 12.1 व्होल्ट. नव्या बॅटरीवर 12.6 पाहिजे होते, म्हणजे ती रोज अर्धपोटी राहत होती. इंजिन चालू करून हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावलं, तर बॅटरीवर 12.4. मला वाटलं, संपलं, डायनामो गेलाच. तुम्ही मीटरचं लाल टोक डायनामोच्या मागच्या बोल्टवर धरलंत. 14.3. "डायनामो ठणठणीत हाय, ताई. कमावतोय चांगलं, घरी पोचंना झालंय."

आणि एक टोक डायनामोच्या बोल्टवर, दुसरं बॅटरीच्या प्लसवर ठेवून मधल्या वायरीत किती दाब वाया जातो ते थेट दाखवलंत. 1.9 व्होल्ट. तिथं एक-दोन दशांशाच्या वर जायला नको होतं. दिवा का मिणमिणतो हेही तेव्हाच सांगितलंत. त्याचं एक टोक बॅटरीच्या बाजूला, दुसरं डायनामोच्या. दोन्हीकडं सारखा दाब असला की तो विझलेला राहतो. फरक पडला की तेवढाच पेटतो.

बॅटरीची मायनस वायर आधी सोडून तुम्ही त्या बोल्टवरची रबरी टोपी काढलीत. उष्णतेनं ती वायरीला चिकटली होती. आत थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, हिरवंगार, हात लावला की तांब्याच्या तारांचा भुगा पडत होता. "गाडी पुरात हुती का?" होती. 2021 च्या जुलैत आमच्या अंगणात पाणी आलं, तेव्हा दोन दिवस ती निम्मी पाण्यात उभी होती. पाणी तारांमधून आत चढतं आणि वरचं रबर चांगलं दिसत असताना आतून खात राहतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही वायर इंच-इंच मागं कापत गेलात. दोनदा म्हणालात, "अजून काळीच हाय." तिसऱ्यांदा लालभडक तांबं लागलं. मग नवं थिंबल दाबलंत, डाख दिलात, वर स्लीव्ह चढवलीत, बोल्ट पॉलिश पेपरनं घासलात. परत सगळे दिवे लावून मीटर धरला. बॅटरीवर 14.2, डायनामोवर 14.3. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि मीटर माझ्या हातात दिलात, "आता तुम्ही बघा." त्या एका गोष्टीसाठी तुमचे आभार कसे मानू कळत नाही. गाडीच्या बाबतीत तोवर मला सगळे फक्त बिल हातात देत आले होते.

डायनामोला चालू गाडीत बॅटरी काढून तपासायचं नाही, त्यात डायनामोच्या आतले डायोड आणि गाडीचं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट जळू शकतं, हेही तुम्ही बजावलंत. हे वाचणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं.

निघताना मी विचारलं, पुन्हा कधी दिवा लागला तर? तुम्ही म्हणालात, "पंचगंगेचं पाणी 39 फुटांवर गेलं की आपण काय करतो? सामान माळ्यावर. 43 ला घर सोडतो. मिणमिणला तर 39 समजा, ब्लोअर बंद करा आन् सरळ घर गाठा. पूर्ण लागला तर 43, मग बाजूला घ्या आन् मला फोन करा." आबांना हे इतकं पटलं की आता गाडीत बसताना तेच विचारतात, "आज किती फूट?"

नवा डायनामो माझ्या गळ्यात घालणं तुम्हाला सहज जमलं असतं. मी घेतलाही असता. तुम्ही एका थिंबलचे आणि तासाभराच्या मजुरीचे पैसे घेतलेत. वाचलेल्या पैशांत आबांची दोन महिन्यांची इंजेक्शनं आली.

त्यानंतर एकही मंगळवार-शुक्रवार चुकलेला नाही. दिवाळीनंतर आमच्याकडं गुऱ्हाळ सुरू होईल. पहिल्या आधणाची काकवी आईनं तुमच्या नावानं बाजूला ठेवायची ठरवली आहे. डायलिसिसला येताना घेऊन येते, दुकानात असा.

तुमची,
कळ्याकडची ताई