नोंदवहीत नुसतं ‘सरडा’ लिहून कसं चालेल?

मा. संपादक साहेब,

तुमच्या पेपरात अधूनमधून ‘नवीन प्रजातीचा शोध’ अशी बातमी येते, कधी पाल असते कधी कोळी, फोटो झकास असतो, शोधणाऱ्यांची नावं असतात, पण तो जीव कोणत्या जीनसमधला (म्हणजे जवळच्या प्रजातींच्या कोणत्या गटातला) आणि त्याच्या भाऊबंदांपासून वेगळा कशावरून ठरवला, हे काही केल्या सापडत नाही. वाचणाऱ्याला वाटतं हा प्राणी काल-परवाच जंगलातून निघाला. तिथल्या ढोरक्यानं तो जन्मभर पाहिलेला असतो. असाच प्रकार आमच्या गावच्या जैवविविधता नोंदवहीचा झालाय, तिकडं शेवटी येतोच.

आता आपल्याच वावरातलं घ्या. एप्रिल-मेमध्ये पऱ्हाटी उपटून झाली की धुऱ्यावरच्या गोट्यावर एक बारीक सरडा मान वर करून बसतो आणि गळ्याखालचा पंखा उघड-बंद करत राहतो. पंखा फक्त नराला असतो. लेकरं त्याला गोटे मारतात, कास्तकाराचं लक्षही नसतं. असल्या सरड्यांचं जीनस म्हणजे सिटाना, क्युव्हिए नावाच्या फ्रेंच माणसानं १८२९ मध्ये त्यातली पहिली प्रजाती लिहिली, पाँडिचेरीवरून तिचं नाव पाँटिसेरियाना. १८७० मध्ये जर्डन नावाच्या इंग्रज प्राणी-अभ्यासकानं दख्खनची एक वेगळी सांगितली, तरी लोकांचं आपलं चालूच, पंखा दिसला की लिहा पाँटिसेरियाना!

मग २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी या सरड्यांच्या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हा सगळा गुंता सोडवायला घेतला आणि एका शोधनिबंधात पाच नवीन प्रजाती आणि एक अख्खं नवीन जीनस मांडलं, त्याचं नावच सारडा. जर्डनचा दख्खनवाला त्यात गेला, साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचा सुपर्बा त्यात आला, डार्विनच्या नावाचा एक आला. हे सरडे काही २०१६ मध्ये जन्मले नव्हते.

हे काम नुसत्या फोटोवर होत नाही हो. अंगावरचे खवले ओळीनं मोजायचे, पंखा पोटावर कुठपर्यंत जातो ते मापायचं, डीएनए काढून कोण कोणाच्या जवळचा ते पाहायचं, आणि म्युझियममधल्या जुन्या नमुन्यांशी ताडायचं, त्यातही गंमत अशी की स्पिरिटमध्ये ठेवलेल्या सरड्याचा रंग उडून जातो म्हणून जुना नमुना पाहून पंखा कोणत्या रंगाचा होता ते कळत नाही. जिवंत सरड्याच्या रंगावरही डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही, चाळकेवाडीलाच २०१८ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी, सरडे जास्त, पण त्यांचा रंग फिका. प्रजाती एकच, पठार एकच! एवढं करून नाव द्यायचं तर एक नमुना होलोटाइप म्हणून, म्हणजे त्या नावाचा मूळ पुरावा म्हणून, कायमचा म्युझियममध्ये ठेवावा लागतो, कुठे सापडला त्या चिठ्ठीसकट.

ती चिठ्ठी खोटी निघाली तर काय होतं ते आपल्या मेळघाटच्या रानपिंगळ्याला विचारा. मायनरत्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एक पिंगळा १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाला असं सांगितलं होतं, नंतर उघड झालं की तो म्युझियममधून चोरलेला जुना नमुना होता आणि चिठ्ठी बनावट. लोक तिकडं शोधत बसले. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षी-अभ्यासकांनी ते ठिकाण बाजूला ठेवून खऱ्या चिठ्ठ्यांच्या जागा धरल्या तेव्हा १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो दिसला, १८८४ च्या शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी.

मुद्द्यावर येतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची वही, असायला पाहिजे, हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली आणि मग जी धावपळ झाली ती बऱ्याच गावांनी पाहिली असेल. आमच्या गावची वही एका एजन्सीनं भरली. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पानावर साप, पाल, घोरपड, सरडा. संपलं पान. कोणत्या शिवारात, कोणत्या महिन्यात, कोणी पाहिला, काही नाही, आणि शेजारच्या गावच्या वहीतही तेच शब्द त्याच क्रमानं, तं मग ही नोंद आमच्या गावची म्हणायची कशी? उद्या कोणी सिटानाचं काम पुढं नेलं आणि यवतमाळकडं काय आहे ते पाहायला वही उघडली तर हाती भोपळा. सह्याद्रीत माणसं शोधत फिरतात म्हणून तिकडून नवनव्या प्रजाती येतात, इकडं वाघ सोडून कोणी काही पाहत नाही हे माझं सरळ मत आहे, पटत नसेल तर पत्र छापू नका.

वही दुरुस्त करायला बंदी नाही, उलट ती अपडेट करतच राहायची असते. मे महिन्यात गुराखी आणि शाळेची मोठी पोरं घेऊन एक पान नीट भरता येतं: सरडा न मारता, न पकडता मोबाइलवर फोटो, शिवाराचं नाव, तारीख, वावर की पडीत. फोटो दोन काढा, एक पंखा उघडलेला आणि एक मागच्या पायाचा, कारण सिटाना आणि सारडा दोघांच्याही मागच्या पायाला चारच बोटं असतात. बाकीच्या सरड्यांना पाच, तेवढ्यावरूनच अर्धा घोळ मिटतो. आणि तुम्ही पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा जीनसचं नाव आणि वेगळेपणाच्या दोन ओळी तेवढ्या टाका, जागा नसेल तर फोटो थोडा लहान करा.

आपला एक नेहमीचा वाचक,
ता. दिग्रस, जि. यवतमाळ